स्क्रिप्टनं 'कुठलं पाव्हणं?' विचारलंच नव्हतं

मंडळी, सापडलं! दोन तास झाले, अजून खुर्चीत बसवत नाहीये.

बारामतीतल्या माझ्या स्टुडिओत काढलेले बारशांचे फोटो मी वेबवर टाकतो. प्रत्येक गावाचं फोल्डर वेगळं, पण पानावर फोटो मांडणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे गॅलरीची स्क्रिप्ट, एकच, सुपे गावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली.

निरवांगीच्या तात्यांचा मुलगा मस्कतला असतो. त्यानं आपली लेक अजून पाहिलेली नाही. आज वेबवरचे फोटो बघून त्याची मेल आली, "पोरगी अगदी आईवर गेलीय!"

तात्या स्टुडिओतच होते. त्यांनी स्क्रीन बघितली आणि ओरडलेच, "आरं, ही आमची न्हाय!"

निरवांगीचं पान उघडलं तरी सुप्याचंच बाळ दिसत होतं.

तात्या म्हणाले, "दारात कुणी आलं की आमी आधी इचारतो, कुठलं पाव्हणं? तुझं यंत्र इचारत न्हाय व्हय?"

डोक्यात लख्ख उजेड पडला! स्क्रिप्ट स्वतः जिथं बसलीय तेच फोल्डर दाखवत होती. आता ती आधी आपल्याला कुठल्या गावाच्या पानानं बोलावलंय ते बघते आणि त्याच गावाच्या फोल्डरमधले फोटो काढते.

आत्ताच मस्कतची दुसरी मेल आली, "तात्या, ही तर तुमच्यावर गेलीय." तात्या चष्मा पुसतायत.

पण मंडळी, सुप्याच्या बाळाचंही मस्कतला मनापासून कौतुक झालं. त्याच्या आईबापाला सांगू का?