राखेतला पंजा

स्वातंत्र्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, भात चोरल्याच्या संशयावरून माझ्या विधवा आत्याला आमच्या घरातून जावे लागले. घर उरणजवळच्या एका मिठागरी गावात होते. घरात चौघे होतो: वडील, आई, वडिलांची ही धाकटी बहीण आणि मी.

आईवडील दोघेही मिठागरावर मजुरीला जात. पावसात आगरे पाण्याखाली गेली की काम बंद, पगारही बंद. मग दसऱ्यापर्यंतचे दिवस उन्हाळ्यात घेऊन ठेवलेल्या भातावर काढायचे. भात कणगीत असे. बांबूच्या कामट्यांची विणलेली आणि शेणमातीने लिंपलेली ही उभी टोपली स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात थेट भुईवर ठेवलेली होती. त्या वर्षी ती काठापर्यंत भरलीच नव्हती. आई संध्याकाळी मापट्याने भात काढून कांडायची आणि त्याची पेज करायची. वाढताना आधी वडील, मग मी, मग आई आणि शेवटी आत्या. आत्याच्या वाट्याला बहुधा नुसते पाणी यायचे. ती खाडीवरून चिंबोऱ्या धरून आणायची. त्या मात्र सगळ्यांना सारख्या मिळत.

आमच्या भागात खळ्यावर मळणी झाली की राशीवर राख भुरभुरून तिच्यावर हाताचा छाप मारत. रास कोणी उपसली तर छाप मोडतो. आईने तीच रीत कणगीत आणली. भात काढून झाले की ती वरचा थर सारखा करायची, चुलीतली राख पसरायची आणि त्यात उजवा पंजा दाबायची.

नागपंचमीच्या सुमाराला एका सकाळी तिने मला कणगीपाशी बोलावले. पंजा मोडला नव्हता, पण लहान झाला होता. बोटे एकमेकांकडे ओढल्यासारखी दिसत होती आणि मध्ये थोडी खळगी पडली होती. आईने स्वतःचा हात त्यावर धरला. मिठाचे फावडे ओढून तिचा पंजा रुंद झाला होता. खालचा छाप अरुंद होता. कोणी तरी ओंजळभर भात काढून, वर राख टाकून आपला हात उमटवला, असा अर्थ तिने लावला. मग तिने माझा हात धरून पाहिला. माझा फारच लहान होता. वडिलांचा मोठा. उरली आत्या.

 आई आत्याची खाडीवरून आलेली टोपली तपासू लागली. भात कांडल्याशिवाय खाता येत नाही आणि कांडताना आवाज होतो. म्हणजे ते बाहेर जात असणार, असे तिचे म्हणणे. आत्या मशेरी लावायची. आईने विचारले, "वन्सं, मशेरीला पैसं कुठशी येतात?"

"वाण्याच्या दुकानाम्होरं झाडते ना मी," आत्या म्हणाली. "तो चिमूट देतो. तुला पण आनू का?"

आईने वाण्याला विचारले. तो म्हणाला, झाडते खरी. आईने घरी येऊन वडिलांना सांगितले, "भात त्याच्याच घरात जात असंल, तं तो खरं सांगंल व्हय?"

पंजा रोज सकाळी लहान झालेला असायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी आईने वडिलांच्या देखत आत्याचा हात धरून राखेवर नेला. तो छापात बरोबर बसला, असे आई म्हणाली. मी पाहिले तेव्हा अंगठा बाहेर राहिला होता. वडिलांनी वाकून पाहिले नाही.

"वैनी, मी चोर असते तं पोट दिसलं असतं," आत्या म्हणाली आणि पदर बाजूला करून पोट दाखवले. ते पाठीला लागलेले होते.

"आमचं पन तसंच हाय," आई म्हणाली.

आत्या वडिलांकडे वळली. "दादा, तू बोल."

वडील म्हणाले, "पाऊस सरंपर्यंत सासरी ऱ्हा."

सासर खाडीपलीकडे होते. तिथे धाकटे दीर आणि त्यांच्या बायका होत्या. नवरा गेल्यावर त्यांनीच तिला माहेरी पाठवले होते. ती दुसऱ्या दिवशी होडीने गेली. जाताना चिंबोऱ्यांची टोपली घरी ठेवून गेली.

त्या दिवसापासून आईने राख टाकणे बंद केले. त्यामुळे पुढे कणगीत काय होत होते, ते कोणी पाहिले नाही. आत्या गेल्याने एक तोंड कमी झाले होते. तरीही भात दसऱ्याआधीच, गणपती गेल्यावर थोड्याच दिवसांत संपले. रिकामी कणगी लिंपायला म्हणून वडिलांनी आडवी केली. तळाच्या कामट्या कुरतडलेल्या होत्या. खाली भुईत घुशीचे बीळ होते आणि बिळाच्या तोंडाशी तूस पडले होते. त्याला राख लागलेली होती. घूस खालून भात ओढत होती, तशी वरची राख मध्ये खचत जाऊन पंजा आकसत होता.

वडिलांनी बिळाकडे बोट दाखवले. आई म्हणाली, "आता आली असंल. तवा न्हवती."

"आन् ही राख?" वडिलांनी विचारले.

आई उखळीपाशी जाऊन बसली.

दुसऱ्या सकाळी वडील होडीने पलीकडे गेले. मी बरोबर होतो. आत्याच्या जावेने दारातूनच सांगितले, "ती न्हाय हतं. थोडे दिस ऱ्हायली. मंग म्हमईला गेली, भांडी घासाया."

"कुठं?"

"काय ठावं? सांगून न्हाय गेली."

तिने आत या म्हटले नाही.  भरती उतरायच्या आत आम्ही त्याच होडीने परत आलो.