डाव्या कोपऱ्यातली छत्री

आधीच सांगतो, मी असल्या भुताटकीच्या गोष्टींवर हसणारा माणूस हाय. या ग्रुपवर लोकांच्या अनुभवांखाली फालतू कमेंटी टाकणारा मीच, ॲडमिनले विचारा. पण हे माझ्यासोबत झालं अन् चूक माझीच होती... म्हणून टाईप करून राह्यलो. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मले जुन्या बिल्डिंगींचे ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढायचा नाद. कलर नाही, माणसं नाही — फक्त ऊन अन् सावली. फ्रेम क्लीन पाहिजे, हा आपला नियम.

फेब्रुवारीत पांढरकवड्याच्या बाहेर कापसाच्या एका बंद जिनिंगवर गेलतो. विटांची लांबच लांब भिंत, साडेचारचं तिरपं ऊन, अन् पत्र्याच्या छपराची करवतीसारखी सावली... येडा झालो मी पाहून! तिथं एक म्हातारे चौकीदार होते. आयुष्यभर त्याच जिनिंगमध्ये कापूस ओढला, आता राखण करत. हातात काठीसारखी बंद छत्री, तिची एक काडी मोडून बाहेर आलेली. मी कॅमेरा लावला की ते गप्पा माराले जवळ येत, अन् छत्रीसकट त्यांची सावली नेमकी भिंतीवर.

"काकाजी, बाजूले व्हा ना जरा."

"काहून बे? भिंतीपेक्षा वंगाळ दिसतो का मी?"

हसत हसत डावीकडं सरकले. असं चार-पाच वेळा झालं. शेवटी म्हणाले, "माझा बी एक काढ ना. चांगला. कलरमधला."

ऊन उतरून राह्यलं होतं. सेटिंग बदलायचा मले कंटाळा. मी कॅमेरा त्यांच्याकडं फिरवला, त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली, ताठ उभे राह्यले... अन् मी बटण दाबलंच नाही. तोंडानं 'टिक्' केलं.

"मस्त आला काकाजी!"

"दाखव मंग."

"आता नाही दिसत, प्रिंट आणून देतो ना." अन् पुन्हा भिंतीकडं वळलो. निघताना समोरच्या चहाच्या टपरीवर माझा नंबर ठेवला त्यांच्यासाठी, म्हणजे खोटं पक्कं व्हावं म्हणून. बस्स, विसरलो.

मार्चमध्ये एका रविवारी संध्याकाळी बाभुळगावले एक जुनं गोदाम शूट केलं. घरी लॅपटॉपवर पाहतो तर एका फोटोत डाव्या कोपऱ्यात, अर्धी कापलेली, माणसाची सावली. हातात बंद छत्री. एक काडी बाहेर!

मले वाटलं कोणीतरी रस्त्यानं गेला असंन. क्रॉप करून टाकली. बुधवारी केळापूरच्या एका जुन्या दगडी भिंतीवर... पुन्हा तीच, तिथंच. बाकी सगळ्या सावल्या उजवीकडं पडलेल्या, ही एकटीच डावीकडं. अन् तिथं माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं, शप्पथ. तीही क्रॉप केली. फ्रेम क्लीन!

दुसऱ्या दिवशी फोन आला.

"जय भीम भाऊ. मी संगीता, जिनिंगवरच्या चौकीदाराची पोरगी. बाबा गेले हो. या रविवारी पुण्यानुमोदन हाय. तुमच्याजवळचा फोटो पाहिजे होता."

मी फोन दुसऱ्या कानाले लावला.

"आधारवरचा हाय एक, पण त्यात बाबा चोरावानी दिसते." ती हसता हसता रडली. "आम्ही मोबाईलवर काढतो म्हटलं की म्हणे, कायले? त्या पोट्ट्याजवळ हाय ना माझा चांगला. कोणाले काढूच नाही दिला."

"कधी... कधी गेले?"

"रविवारी सकाळी."

म्हणजे मी बाभुळगावले गेलतो त्या दिवशी. अन् तरी मी काय म्हटलं माहीत हाय? "ताई, कार्ड खराब झालं." दुसरं खोटं. ती "बरं भाऊ, असू द्या," म्हणाली, तेव्हा मले शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवारी साडेचारले मी पुन्हा जिनिंगच्या त्या भिंतीसमोर उभा होतो. आजूबाजूले कोणी नाही. कॅमेरा कलरवर केला. स्वतःचीच लाज वाटत होती, तरी मोठ्यानं बोललो, "काकाजी, मधात या. या खेपेले खरंच काढतो."

एकच फोटो काढला. डोळ्यांना फक्त भिंत दिसली. स्क्रीनवर... बरोब्बर मधोमध सावली. ताठ उभी, हातात छत्री, मोडकी काडी बाहेर.

प्रिंट घेऊन त्यांच्या घरी गेलो अन् संगीताताईले सगळं सांगून टाकलं, तोंडानं केलेल्या 'टिक्'सकट. तिनं फोटो उजेडाकडं धरला.

"छत्री बाबाचीच हाय," ती म्हणाली. मंग त्या काळ्या डोक्यावरून बोट फिरवलं. "अन् चेहरा?"

रविवारी बुद्ध अन् बाबासाहेबांच्या फोटोच्या बाजूले, हार घालून, ती सावलीच ठेवली होती. लोक वाकून वाकून चेहरा शोधत होते. मी मांगच्या रांगेत बसलो होतो, माझी मान वर झाली नाही.

डबल एक्सपोजर, लेन्स, सेन्सर... सगळं तपासलं. इथं कोणी फोटोवाले असाल तर ओरिजिनल फाईल पाठवतो, सांगा मले काय हाय ते. मले तर अजून काहीच समजलं नाही. त्या दिवसानंतर एकाही फोटोत ती सावली आली नाही. मी आता डावीकडं मुद्दाम जागा सोडतो, तरी नाही.

फ्रेम एकदम क्लीन येते. तेच पाहवत नाही.