मालेगावहून विमान पकडताना

शेतातून घरी आलं की साडीच्या काठाला कुसळं चिकटलेली असतात. ती कोणी मुद्दाम गोळा करत नाही. माझ्याकडचे विमानाचे किस्से तसेच आहेत. मी वाशिमकडच्या मालेगावात, ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. आमच्याकडच्या पोरांना विमान पकडायचं तर नागपूर गाठावं लागतं, म्हणजे आधी अर्धा विदर्भ ओलांडायचा आणि मग उडायचं! पण हल्ली बारावी झाली की पोरं कुठे कुठे निघतात. एकटीच, पहिल्यांदाच. आणि निघायच्या आधी आई-बापांना घेऊन माझ्या दारात हजर. का? तर अख्ख्या स्टाफरूममध्ये विमानात बसलेली मी एकटीच. तीही एकदाच!

त्यात माझा स्वभाव काळजीखोर. गॅस बंद केला की नाही हे बघायला बसस्टँडवरून परत येऊन कुलूप उघडणाऱ्यांतली मी. अशा बाईकडे लोक धीर मागायला येतात, हाच मुळात पहिला किस्सा!

*

माझा तो एकुलता एक प्रवास म्हणजे जयपूरला भाच्याचं लग्न. विमानाने जमीन सोडली तसे मी दोन्ही पाय उचलून अधांतरी धरले.

शेजारून हे म्हणाले, "हे काय करून राह्यली?"

म्हटलं, "तेवढंच ओझं कमी!"

"अवं, पाय उचलले तरी ते विमानातच हायेत ना!"

मला पटलं. तरी पाय काही मी खाली ठेवले नाहीत. उगाच कशाला!

जयपूरला उतरल्यावर सासूबाईंना फोन लावला. ढग कसे खाली दिसतात, हे मी मोठ्या कौतुकाने सांगायला लागले, तर त्यांनी मध्येच तोडलं. "पोचले ना दोघंबी? मंग ठेवतो फोन. सकाळपासून घर झाडाचं राह्यलं हाय!"

आमच्याकडे गेलेलं माणूस मुक्कामी पोचेपर्यंत घरात झाडू फिरत नाही. वाशिमला गेलं तर तासाभराचा प्रश्न असतो. जयपूर म्हणजे फारच झालं. "तुमच्या त्या इमानापायी सैपाकघरात मुंग्या झाल्या!" हे त्यांनी पुढे महिनाभर येईल त्या पाहुण्याला ऐकवलं.

*

माझा पहिला विद्यार्थी उडाला तो अक्षय. हैदराबादला कॉलेज मिळालं होतं. त्याला मी सगळं पढवलं. ओळखपत्र हातात ठेव, खिशातली नाणी-किल्ल्या ट्रेमध्ये काढून ठेव, बोर्डिंग पासवरचा गेट नंबर बदलू शकतो, तेव्हा कान उघडे ठेव. संस्कार शिकवायची गरज नव्हती, ते घरचेच होते. आणि त्यांनीच घोळ केला!

हा आपल्या सीटवर बसला होता. एक म्हातारी बाई हळूहळू चालत आत आली. अक्षय ताडकन उठला. "बसा आजी."

आजी बसल्या! त्याही आपल्याकडच्याच असणार.

आणि हा वरच्या कप्प्याला धरून उभा. हवाईसुंदरी धावत आली. "सर, प्लीज, बैठ जाइए."

"राहू द्या मॅडम, मले सवय हाय. हैद्राबादपर्यंतच तर जायचं हाय!"

विमान अडलं. शेवटी आजींचा पास बघून मागची रिकामी सीट शोधली आणि त्याला तिथे बसवलं. उतरल्यावर त्याचा मला फोन. आवाज नुसता भारावलेला. "मॅडम, लय चांगले लोक हायेत. एसटीत कोणी अशी जागा हुडकून देत नाई!"

मी कपाळावर हात मारला. सीट नंबर म्हणजे काय, हे सांगायचंच राहिलं होतं. तेव्हापासून तेच आधी सांगते.

*

जवळच्याच शिरपूरच्या नीलेशचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. एरवी उचलत नाही. पण पोरगं नागपूरला विमानतळावर आहे हे माहीत होतं, त्यामुळे फोन टेबलावरच ठेवला होता.

"मॅडम, लोनचं पकडलं!"

सिक्युरिटीवाल्यांनी त्याच्या पाठीवरच्या सॅकमधून चिनी मातीची बरणी बाहेर काढली होती. हातातल्या सामानात लोणचं चालत नाही. मी ओरडले, "अरे, मोठ्या बॅगेत ठेव म्हणून सांगितलं होतं ना!"

"मोठी बॅग गेली. आई म्हने, तिच्यात बरनी फुटन, हातातच ठेव."

मागे रांग खोळंबलेली. त्याच्या विमानाचा पुकारा मला इकडे वर्गात ऐकू येत होता! म्हटलं, "फेक आणि पळ!" पण आईच्या हातचं लोणचं फेकायचा पोराला धीर होईना. त्याने आईलाही फोनवर घेतलं. त्या माउलीने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता रडणार. मग ठाम आवाज आला.

"लोनचं फेकतो त फेक. पन बरनी आन! माह्या मायची हाय ते."

नीलेशने लोणचं कचऱ्याच्या डब्यात ओतलं, बेसिनवर बरणी विसळली आणि ती छातीशी धरून पळाला. विमान मिळालं, अगदी दार लावता लावता. आता चेन्नईच्या होस्टेलात त्या बरणीत तो टूथब्रश ठेवतो. दिवाळीत घरी आला तर आईने दारातच विचारलं, "बरनी कुठी हाय?" कसा आहेस, हे नंतर!

*

वैष्णवी बेंगलोरला निघाली तेव्हा तिची आत्या सोबत नागपूरपर्यंत गेली. आत्या म्हणजे घरातलं हायकोर्ट. घरून निघतानाच तिने सगळ्यांना दम दिला होता, "पोरीले कोनी कुठं चालली म्हून पुसाचं नाई!" निघालेल्या माणसाला तसं विचारलं की काम फिसकटतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चुकून कोणी विचारलंच तर मागे यायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं.

विमानतळाच्या दारात बंदूकवाला जवान उभा. त्याने तिकीट बघितलं आणि विचारलं, "कहाँ जाना है?"

"पुसलं बाप्पा यानं!" आत्याने वैष्णवीचा दंड धरून तिला मागे ओढलं, बॅगेवर बसवलं, बाटलीतलं पाणी पाजलं. पुन्हा रांग.

पुन्हा तोच जवान. "हाँ बेटा, कहाँ जाना है?"

पुन्हा बॅग, पुन्हा पाणी! वैष्णवीने मला मेसेज केला, "मॅडम, पोट भरलं पाण्याने, पण मी अजून दारातच." मी घड्याळाकडे बघत नखं कुरतडत होते.

तिसऱ्या खेपेला आत्याच पुढे झाली. जवानापुढे हात जोडले. "भाऊ, तू पुसू नको. आमीच सांगतो. बेंगलोर!" आणि तिने आपल्या मोडक्या हिंदीत सगळं समजावलं. जवानही कुठल्याशा खेड्यातलाच होता. हसला, म्हणाला, "हमारे यहाँ भी मानते हैं, माताजी. जाओ बेटा." वैष्णवी आत गेली. आत्या तिच्यामागे निघाली, तसा त्याने हात आडवा केला.

"और आप कहाँ जा रही हैं?"

आत्या तिथेच मटकन बसली आणि तिने पाण्याची बाटली उघडली!

*

त्याच दिवशी इकडे मालेगावात वैष्णवीचे वडील बाजार समितीत सोयाबीन घेऊन बसले होते. कोणीतरी त्यांना मोबाइलवर विमान बघायचं ॲप टाकून दिलं होतं. नकाशावर पिवळं इवलंसं विमान सरकतं. पोत्यावर बसून ते पोरीला नजरेने पोचवत होते.

आणि विमान थांबलं.

"थांबलं! इमान थांबलं!" ते उभेच राहिले. व्यापारी, हमाल, शेतकरी सगळे भोवती जमले. बोली थांबली, अख्खा हर्रास बंद पडला. कोणी म्हणालं डिझेल भराले थांबलं असन. कोणी म्हणालं, सिग्नल असन. एकाने तर "वरतं बी जाम लागते काय?" असं अगदी गंभीरपणे विचारलं.

मला फोन आला. "मॅडम, तुमी भूगोलाच्या. इमान हवेत उभं राह्यते काय?"

उभं राहत नाही हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच माझी बोबडी वळली! कारण उभं राहत नसेल आणि तरी थांबलं असेल, तर... मी पुढचा विचारच केला नाही. देवघरात जाऊन दिवा लावला.

तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. आजचा डेटा संपला आहे! सगळे माना वर करून आभाळात विमान शोधत होते आणि तिकडे वैष्णवी कधीच उतरून इडली खात होती.

*

आता रिठदची रेणुका.

तिला डेहराडूनला वनशास्त्राला प्रवेश मिळाला. हजर व्हायला दोनच दिवस हातात, रेल्वेत जागा नाही. म्हणजे नागपूरहून दिल्ली आणि दिल्लीत विमान बदलून डेहराडून. एकटीने! तिच्या आईने, सुमनबाईंनी, पोरीला रिसोडला पाठवलं तरी एसटी दिसेनाशी होईपर्यंत फाट्यावर उभं राहायचं. आता त्या माझ्यासमोर बसून मनगटावरच्या बांगड्या नुसत्या फिरवत होत्या.

"मॅडम, तुमी म्हनता म्हून सोडून राह्यली. माही एकच पोरगी हाय."

या एका वाक्याने माझी झोप उडाली. आजवर पोरं आपल्या घरच्यांच्या भरोशावर गेली होती. ही माझ्या भरोशावर चालली होती.

मी वर्गातले बेंच विमानासारखे लावले आणि तिला ओढणीचा पट्टा बांधायला लावला. सीट नंबर सांगितला. मोबाइलची पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायची नाही, हातातल्या सामानात ठेवायची, हे घोकून घेतलं. सुमनबाईंनी ओटीसाठी सुकं खोबरं आणलं होतं. ते तेलकट, पेट घेतं, म्हणून विमानात चालत नाही म्हटल्यावर त्यांनी त्याच्या जागी सुपारी ठेवली.

रेणुकाने एकच विचारलं. "मॅडम, दिल्लीत चुकली त?"

"चुकलीस तर गणवेशातल्या माणसाला विचार. पुन्हा चुकलीस तर पुन्हा विचार. विचारायला लाजायचं नाही."

मामाने तिला नागपूरला सोडलं. रविवारी सकाळी तिचा दिल्लीतून फोन आला. "मॅडम, लय मोठं हाय! विचारून राह्यली." आवाज घाबरलेला, पण ती चालत असल्याचं ऐकू येत होतं. माझा जीव जरा भांड्यात पडला.

त्यानंतर काही नाही. फोन बंद. डेहराडूनचं विमान उतरायची वेळ होऊन गेली, तरी बंदच. सुमनबाईंचा मला फोन, "आला काय वं मॅडम?" मी म्हणाले, "येईल." पुन्हा फोन. पुन्हा मी, "येईलच आता." त्यानंतरच्या खेपेला त्यांनी काही विचारलंच नाही. फोनवर नुसता बांगड्या फिरवल्याचा आवाज येत राहिला. ते मला सहन झालं नाही.

ह्यांना म्हटलं, "गाडी काढा. रिठदला जाऊ."

"तिथं जाऊन करशील काय?"

"इथे बसून तरी काय करते आहे!"

ऊन डोक्यावर आलं होतं. गल्लीत शिरलो तर सुमनबाई ओट्यावर बसलेल्या, शेजारी चहाचा कप, त्यावर साय धरलेली. अंगणभर निंबाचा पाला. मी जवळ जाऊन बसले.

शेजारच्या कांताबाईंच्या घरी गडबड होती. त्यांच्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते. दारात नवी सतरंजी, आतून पोह्यांचा वास, कांताबाईंच्या अंगावर घडी मोडलेली साडी. आणि अंगणात पाला, शेळ्यांच्या लेंड्या, पोरांनी टाकलेले चॉकलेटचे कागद. हे हळूच म्हणाले, "पाहुणे येऊन राह्यले अन् अंगण पाहा."

मी कांताबाईंना विचारलं, "पाहुणे कुठवर आले?"

"मालेगाव सोडलं म्हनतात."

"मग अंगण..."

त्यांनी सुमनबाईंच्या ओट्याकडे एकदा बघितलं. "राहू द्या मॅडम," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी मान वर करून गल्लीच्या टोकापर्यंत बघितलं. एकामागून एक अंगण. सगळीकडे तसाच पाला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मॅडम, मी पोचली! विमानच उशिरा सुटलं. माहा मोबाइल मेला, ते पॉवर बँक बी संपली. ह्या काकूंचा फोन हाय..."

मला बोलवेना. मी फोन तसाच सुमनबाईंच्या कानाला लावला.

"पोचली काय वं?" त्यांनी विचारलं. पलीकडून रेणुका भडाभडा बोलत होती. सुमनबाईंनी थोडं ऐकलं, डोळे पुसले आणि ती बोलत असतानाच फोन माझ्या हातात दिला. पदर खोचला. कोपऱ्यातला खराटा उचलला.

भिंतीपलीकडून कांताबाईंचा आवाज आला. "पोचली काय?"

"पोचली!"

पलीकडून खर्रकन खराटा वाजला. मग त्याच्या पुढच्या घरातून. मग समोरून. बघता बघता गल्लीभर खराटे सुरू झाले. एवढा धुराळा उठला की ह्यांचा पांढरा शर्ट मातकट झाला.

त्या धुराळ्यातच पाहुण्यांची गाडी येऊन थांबली. फेटेवाले एक आजोबा नाकाला रुमाल लावून खाली उतरले.

"काय हो बाई, भरदुपारी झाडून राह्यले?"

नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेल्या कांताबाई खराटा न थांबवता म्हणाल्या, "मंग! आमचं इमान आत्ताच त उतरलं!"