नातीनं ‘नाही’ म्हटलं ते माझ्यामुळं

“बरं झालं गं, वेळेवर सांगितलंस. नाहीतर तुला पण बाहेर बसवलं असतं,” एक बाई म्हणाल्या आणि सगळे हसले. अमेरिकेतलं वेस्ट विंडसर, माझ्या मुलाचं घर. आलेली मंडळी पुण्या-मुंबईची, कॉम्प्युटरवाली. मी पण हसलो. हे आधी लिहितो, कारण हेच टोचतं.

दोन हजार सातचा उन्हाळा. नात मीरा इथंच जन्मलेली. नेपाळातल्या एका डोंगरगावात बायकांबरोबर पाण्याच्या टाक्या बांधून परतली होती. टीव्हीवर फोटो दाखवत होती. फोटोत मनमाया, शिवणकाम करणारी. तिनंच मीराला दगड रचायला शिकवलं. मीराला ‘बहिनी’ म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण.

एकदा टपरीवर चहा झाल्यावर मीरानं आपला ग्लास आपण विसळला. इथली सवय. त्या गावात ग्लास विसळायचा तो खालच्या जातीच्या गिऱ्हाइकानं. बाकीच्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. मनमाया मात्र हरखली. “तू पण आमच्यातली?”

“नाही, नाही,” मीरा म्हणाली.

मनमाया लांब सरकून बसली. पुढं तिला ‘मॅडम’ म्हणू लागली.

“सो ऑकवर्ड झालं, यार,” मीरा सांगत होती. त्यावरच त्या बाईंचं ते वाक्य, आणि ते हसणं.

मी गावच्या हॉटेलाबाहेर मातीत बसून चहा प्यालोय. कप आपणच धुवायचा. एकदा मालक म्हणाला, “परत धू. वास राहिला तुझा.” मी धुतला. तिसरीत होतो. त्याच साली शाळा सुटली. पुढं मुलाला शाळेत घालताना आडनाव बदललं ते मी. कुठं बोलू नको, अशी ताकीद दिली ती मी. नातीपर्यंत काही पोचलंच नाही. मनमायाला ते ‘नाही’ मीच म्हणालो.

उठलो. “मीरा, तिनं बरोबर ओळखलं. आपण तिच्यातलेच.”

मुलगा म्हणाला, “बाबा, प्लीज. नंतर बोलू.”

“चाळीस वर्षं नंतरच चाललंय.”

कप सांगितला. आडनाव सांगितलं. जात नाव घेऊन सांगितली.

“काका, आम्ही असलं काही मानत नाही हो,” त्या बाई म्हणाल्या.

“मग हसलात कशाला?”

विचारलं खरं. पण हसलो तर मीही होतो.

माणसं लवकर गेली. मीरा म्हणाली, “आजोबा, मला का नाही सांगितलं? मी तिला हर्ट केलं.”

भीती वाटत होती, म्हणालो. ते अर्धंच खरं. लाज वाटत होती.

आता मनमायाला पत्र लिहायचंय. मीराला नेपाळी बोलता येतं, लिहिता येत नाही. तिकडं अक्षर आपलंच, देवनागरीच चालतं. ती सांगेल, मी लिहीन. माझं अक्षर वेडंवाकडं, तिसरीचं. असू दे. खाली जुनं आडनाव घालणार, जात घालणार. मनमायाला वाचता येत नसलं तर टपरीवर कुणीतरी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचील. वाचू दे. माफ कर, असं त्यात लिहिणार नाही. ते तिचं तिनं ठरवायचं.