हात काढायची जागा

आमचा बँड सुरू झाला तो पॉवर प्रेसच्या आवाजावर, आणि पहिल्याच कार्यक्रमात बंद पडता पडता वाचला. आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो आणि हसूही येतं.

बँड म्हणजे आम्ही दोघंच. मी नागापूरच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन, आणि माझा दोस्त चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणारा. मोबाईलवर मशिनांचे आवाज पकडायचे, लॅपटॉपवर त्यांचे तुकडे जोडायचे, वर कीबोर्डचा खर्जातला जाड सूर सोडायचा. याला जगात इंडस्ट्रियल म्युझिक म्हणतात. आमच्या घरी 'डोकं फिरलंय' म्हणत. आप्पा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं पत्रा ठोकून आकार देणाऱ्या त्या पॉवर प्रेसवर. "दिवसभर तेच ऐकायचं, घरी बी तेच? त्याला काय गानं म्हनत्यात व्हय?" हा त्यांचा निकाल. मी मात्र हट्टाला पेटलो होतो. दुनियेनं टाळी नाही वाजवली तरी चालेल, आप्पांनी वाजवायला हवी.

खंडेनवमीला संधी आली. त्या दिवशी आप्पांच्या शेडमधल्या सगळ्या मशिनी पुसून, झेंडूचे हार घालून बंद ठेवतात. पूजा झाली, पेढे वाटून झाले, आणि मालकांना विचारून आम्ही स्पीकर लावले. पहिलाच आवाज आप्पांच्या प्रेसचा. मी तो चांगला दुप्पट वेगानं पळवला होता. धाडधाडधाडधाड! पत्रे थरथरायला लागले, कामावरची पोरं शिट्ट्या मारायला लागली. मला तर आनंदानं नाचावंसं वाटत होतं.

तेवढ्यात आप्पा ओरडत उठले. "बंद कर! आदी बंद कर!"

मला वाटलं, खंडेनवमीला मशीन वाजवलं म्हणून चिडले. आवाज बंद केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पा तरातरा हार घातलेल्या प्रेससमोर जाऊन उभे राहिले.

"आरं, हात कवा काढायचा?" त्यांनी रिकाम्या हातानं पत्रा ठेवल्यासारखं केलं, हात मागं घेतला, मग पायडल दाबल्यासारखा पाय आपटला. "ठिवला, काढला, मंग दाब. तुज्या गान्यात काढायला जागाच न्हाई. तीस वर्सं माजी धाई बोटं जाग्यावर हायत, ती काय उगंच?"

आमच्या तालाचे बारा वाजले होते. दोस्तानं तिथंच लॅपटॉप पुढ्यात ओढला. आप्पा हात करून दाखवायचे, तो तेवढी जागा मोकळी सोडायचा. ठेवला, काढला... धाड! खरं सांगतो, त्या मोकळ्या जागेनं गाण्यात जीव आला. आम्ही पुढच्या 'धाड'ची वाट बघायला लागलो. पोरंही. आप्पा मात्र "आता बोटं ऱ्हातील" एवढंच म्हणाले आणि चहाला गेले.

पुढं तीच आमची ओळख झाली. आधी कॉलेजांची गॅदरिंग, मग नाशिक, मग पुणे. गेल्या महिन्यात पुण्यात हॉल खचाखच भरला, आणि शेडबाहेरच्या कार्यक्रमाला आप्पा पहिल्यांदाच आले. त्या मोकळ्या जागेवर अख्ख्या हॉलनं हात वर उचलले, कुणी शिकवलं नव्हतं तरी! मी वेड्यासारखं हसत पहिल्या रांगेत पाहिलं. आप्पा डोळे मिटून बसले होते. प्रत्येक 'धाड'च्या आधी त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून मागं सरकत होता.

गाणं संपलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. दहाही बोटांनी.