शेवटचं प्रकरण शिवून ठेवणारी

आमच्या गल्लीत शिवणयंत्राच्या आवाजावरून लोकांना कळायचं, कादंबरीत काय चाललंय ते. मशीन संथ, एका लयीत चाललं की नायक-नायिका बागेत फिरताहेत. मधेच थबकलं की कोणीतरी दार ठोठावलं. आणि एकदम सुसाट सुटलं की समजायचं, खुनी हाताशी आलाय आणि आज कोणाच्या तरी सदऱ्याची बाही वाकडी शिवली जाणार.

मशीनवर बसलेली बाई म्हणजे दोरामावशी. गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचण्या आणि मशीनच्या मानेला टेकवलेली कादंबरी, पान उलटू नये म्हणून वर आडवी कात्री. टाचण्या ओठांत धरूनच ती बोलायची. त्यामुळे तिचं प्रेमाचं बोलणंसुद्धा दटावल्यासारखं वाटायचं.

शाळा तिची लहानपणीच सुटली होती. एका शिंप्याच्या दुकानात बटणं लावायला तिला बसवलं. तो शिंपी कपड्यांचे कागदी नमुने बेतायला जुनी साप्ताहिकं कापायचा आणि त्या साप्ताहिकांत कादंबऱ्या क्रमशः यायच्या. पोरीला अक्षरं जेमतेम लागत होती. एकदा बाहीचा कागद कापडावर अंथरताना तिने एकेक शब्द जुळवत वाचलं: तिने दिवा वर धरला आणि तिच्या तोंडून किंकाळी फुटली, कारण समोर खुर्चीत... आणि तिथेच बगलेचा गोल कापलेला! खुर्चीत कोण? कात्रणांच्या ढिगात ती हात घालून बसली, शिंप्याच्या शिव्या खाल्ल्या, पण तो तुकडा काही सापडला नाही. त्या खुर्चीत कोण होतं हे तिला अजून माहीत नाही. पण मी सांगते, या बाईचं सगळं वाचन त्या एका खुर्चीपायी सुरू झालं.

पुढे तिने स्वतःचं दुकान थाटलं आणि रद्दीवाल्यांकडून कादंबऱ्या गोळा केल्या. प्रेमाच्या आणि रहस्याच्या, दुसरं काही नाही. दुकानात मावेनात तेव्हा आमच्या कामगार सभागृहातल्या एका कपाटात ठेवल्या. धुलाई कारखान्यातल्या बायका, पाव भाजणाऱ्या, झाडू मारणाऱ्या, सगळ्या तिथून पुस्तकं न्यायच्या. पण मावशीचा एक कायदा होता. रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण ती कडेने धावदोऱ्याने शिवून टाकायची. आधी शेवट बघणाऱ्या माणसांचा तिला मनस्वी राग. पुस्तक वाचत शिवणीपर्यंत यायचं, मग दुकानात यायचं, खुनी कोण ते तिच्या तोंडावर सांगायचं. मग ती कात्री उचलायची आणि कच्च करून दोरा कापायची. अंदाज बरोबर की चूक, ते ती सांगायची नाही. नुसती हसायची. आणि बायका तिथेच स्टुलावर बसून शेवट वाचायच्या, गिऱ्हाईकं दारात खोळंबलेली. किंचाळ्या ऐकू यायच्या. "अगं बाई, तो माळी? मला वाटलंच होतं!" तिला वाटलेलं नसायचं, पण कोण वाद घालणार?

आता ह्यात कोणाच्या पोटात दुखायचं कारण नव्हतं. पण दुखलं. सभागृहाचे अध्यक्ष म्हणजे इस्पितळातले निवृत्त ड्रेसर. उभा जन्म लोकांच्या जखमा धुतल्या, टाके घातले. माणूस कडक, कपड्याची घडी मोडत नाही असा. त्यांनी सूचना लावली: कपाटातल्या कादंबऱ्या रद्दीत द्याव्यात, तिथे कायद्याची आणि विचारांची पुस्तकं ठेवावीत. रविवारी बैठक, हात वर करून निर्णय.

माझं डोकं फिरलं. कायद्याची पुस्तकं मीही वाचते, कोणी शिकवलं नाही, स्वतः शिकले. पण वाचायची गोडी मला कायद्याने नाही लावली, बाबा. ती लावली बुरख्याआडच्या खुन्यांनी आणि पावसात भिजत उभ्या राहणाऱ्या नायकांनी. दिवसभर मुकादमाचं ऐकून घेतलेल्या बाईला घरी जाऊन असं एक जग हवं असतं, जिथे बदमाश शेवटी पकडला जातोच आणि नायिकेला कोणीतरी म्हणतं, तू दमलीस, बस. ह्याला फालतू म्हणणाऱ्याने एकदा आठ तास वाफेच्या इस्त्रीपाशी उभं राहून दाखवावं. मी दुकानात जाऊन हे सगळं ओरडून बोलले. मावशी टाचण्यांतून म्हणाली, "भाषण रविवारी कर. आत्ता हे बघ."

तिने एक कादंबरी पुढे केली. दोन भागांतली, त्यातला पहिला भाग. डोंगरातला बंगला, विधुर डॉक्टर, त्याच्यावर मनातून जीव लावणारी नर्स, घरात येणारा-जाणारा वकील, आणि शेवटच्या प्रकरणात म्हातारी आत्या पलंगावर मेलेली. ही अध्यक्षांच्या सुनेने नेली होती. आज ती शेवटी कोण मरणार त्याचा अंदाज सांगायला आली तेव्हा मावशीने कात्री उचलली आणि तिचा हात थांबला. दोरा तिचा नव्हता. कोणीतरी कापून पुन्हा शिवलं होतं.

सून स्टुलावर रडवेली झाली होती. पावाच्या भट्टीत काम करणारी, तोंडाने फटकळ, पण ह्या आळाने पार खचलेली. "मावशी, मुलांची शपथ, मी शिवणीच्या पुढे गेले नाही! मी कशाला चोरून वाचू? मला तर तुमच्यासमोर किंचाळायला आवडतं!"

"मग घरात दुसरं कोण वाचतं?"

"नवरा? त्याला औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवावं लागतं. आणि मामंजी तर पुस्तक दिसलं की नाक मुरडतात."

मी पुस्तक हातात घेतलं. धावदोरा नव्हताच तो. प्रत्येक टाका वेगळा, प्रत्येकाला स्वतंत्र गाठ, गाठी सगळ्या एका बाजूला, टोकं नेमकी कापलेली. माझा हात आपोआप कपाळावर गेला. भुवईच्या वर माझ्या एक वण आहे. एका मोर्चात लाठी बसली होती, आणि इस्पितळात ती जखम शिवून दिली होती... टाके काढेपर्यंत रोज आरशात बघितलेत मी ते. असेच. गाठी सगळ्या एका बाजूला.

"अरे चोरा!" मी उडालेच. "रविवारी भर बैठकीत हे पुस्तक त्यांच्या नाकासमोर धरते! नाही त्यांना..."

"बस खाली," मावशी म्हणाली. ह्या वेळी तिने टाचण्या तोंडातून काढल्या होत्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "एक शब्द बोलायचा नाही. वाचणाऱ्याला चारचौघांत उघडं पाडलं तर तो परत पुस्तकाला हात लावेल का?"

"अगं, तो कपाट रिकामं करायला निघालाय!"

"आणि तरी परत शिवून ठेवलंय. किती निगुतीने, बघ. नुसतं चोरून वाचायचं असतं तर दोरा तसाच लोंबत ठेवला असता." मग ती हसली, दोरा कापताना हसायची तशी. "दुसरा भाग माझ्या खणात आहे. पोरी, त्या माणसाला गेले कित्येक दिवस झोप लागत नसेल."

सून डोळे पुसत एकदम म्हणाली, "खरंच हो! रात्री येरझाऱ्या घालतात. आम्हाला वाटलं पित्त!"

रविवारी सभागृह गच्च भरलं. अध्यक्षांनी सूचना वाचली. असली पुस्तकं माणसाला भ्रमात ठेवतात, वेळ खातात, वगैरे. मी दात आवळून बसले होते, मावशीने माझा दंड धरून ठेवला होता. तेवढ्यात ती शेजारच्या बाईकडे वळली आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काही म्हण, त्या म्हातारीला नर्सनेच मारलं."

अध्यक्ष वाचता वाचता अडखळले.

"इंजेक्शन तिनेच दिलं ना," मावशी आणखी मोठ्याने. "डॉक्टरवर डोळा होता तिचा. नर्सांचं काय सांगावं!"

"अहो, काहीतरीच काय बोलता!" अध्यक्षांनी कागद टेबलावर आपटला. "नर्स कशी मारेल? इंजेक्शन उजव्या दंडावर होतं, पलंगाची उजवी बाजू भिंतीला लागलेली! नर्स दाराकडून आली होती! भिंतीपलीकडून हात घालायला चोरदार फक्त त्या मोठ्या कपाटाच्या मागे, आणि त्याची किल्ली होती वकिलाकडे! इतकी जीव लावणारी पोर ती, तिच्यावर आळ घेता? लाज वाटायला..."

तिथे ते थांबले. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. सून तोंडावर पदर दाबून हलत होती. मग मागून कोणीतरी खिंकाळलं आणि छप्पर उडेल असा हशा झाला. अध्यक्षांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता उठून जाणार. पण मावशी उभी राहिली आणि हसणाऱ्यांवर खेकसली, "दात काढायला काय झालं? रीतसर अंदाज सांगितलाय माणसाने, माझ्या तोंडावर सांगितलाय. तुमच्यातल्या एकीला तरी दिसली होती का ती भिंत?"

खरंच कोणाला दिसली नव्हती.

"अध्यक्षसाहेब, सूचना पुढे चालवायची का? कपाट रद्दीत गेलं तर माझ्या खणातला दुसरा भागही जाईल."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सगळ्यांकडे न बघता, खाली कागदाकडे बघत म्हणाले, "कायद्याची पुस्तकं... खालच्या फळीवर मावतील."

हात वर करायची वेळच आली नाही. मी मात्र दोन्ही हात वर केले. मला राहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी झग्याचं माप द्यायला दुकानात गेले. मशीन बंद होतं. मावशी कापड हातात धरून कोपऱ्याकडे बघत होती. स्टूल म्हाताऱ्या पाठीला बरं नाही म्हणून तिने घरून खुर्ची आणवली होती. खुर्चीत अध्यक्ष. दुसरा भाग नाकाशी, ओठ हलताहेत, पायात वहाणा नाहीत.

"शिवणीपर्यंत आलेत," मावशी कुजबुजली. टाचण्या तिने केव्हाच काढून ठेवल्या होत्या.

अध्यक्षांनी मान वर केली, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "वकील. शंकाच नाही."

कच्च.

त्यांनी पान उलटलं. आणखी एक. मग त्या कडक, घडी न मोडणाऱ्या माणसाच्या तोंडून अशी किंकाळी फुटली, की पलीकडचा दूधवाला धावत आला.