सुन्याच्या डोक्यातली जट

माझ्या एकुलत्या एक पोराला देवीला सोडायची पाळी आलती, आन त्यात सगळी चूक अमेरिकेतल्या एका गाणाऱ्याची हुती.

आता अमेरिकेचा आन आमचा काय संबंध? आम्ही कोल्लापुरातल्या गल्लीत दोन म्हशी घिऊन ऱ्हाणारी मानसं. मालक वारलं तवा सुन्या पाळण्यात हुता. रडाय बसावं म्हटलं तर म्हशी पान्हवलेल्या, दावं तोडाय लागल्या. म्हटलं आदी धार काढू, मग रडू. धार झाली तर गिऱ्हाईक दारात. ते रडायचं जे ऱ्हायलं, ते ऱ्हायलंच बगा!

शेण काढलं, दूध घातलं, पोरगं कॉलेजात घातलं. म्हटलं, सुटले. तवर त्येनं कुठनं तरी एक जुनी गिटार पैदा केली. ही नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. गल्लीत नुकतीच केबल आलती, आन त्या केबलीतनं परदेशातली गाणी थेट आमच्या माडीवर उतरायची. त्या गाण्याला ग्रंज म्हणायचं म्हणं.

"ग्रंज म्हंजे काय रं?" मी सुन्याच्या दोस्ताला इचारलं. हा बाळू, शिरोळचा. बाचा ऊस, सोताचं गुऱ्हाळ, आन पोरगं आमच्या माडीवर ढोल बडवाय.

"मावशी, म्हंजे आतली खदखद भाईर काढायची."

"आरं मग ओवा खा की!"

दुसरा दोस्त राजारामपुरीचा म्हेश. त्येचा बाप डॉक्टर. पण पोरगं असलं कापडं घालायचं की बापानंच दवाखान्यातनं हाकलावं. तिघांच्याबी प्यांटी गुडघ्यावर फाटलेल्या. एकदा पावसात भिजून तिन्ही वाळत पडलेल्या बघून मला दया आली. वाकळंचं तुकडं लावून, दुहेरी टाका घालून शिवून टाकल्या. पोरं आईतवार भर बोलली न्हाईत माझ्यासंगं. (त्यातल्या एका प्यांटीला म्हेशनं पुण्यातनं फाडून आणायचं जादा पैसं दिल्यालं, हे मला मागनं कळलं.)

दर आईतवारी तिघं माडीवर जमायची आन भांडाय सुरू. तालमीतली पोरं दोन पैलवानांवरनं भांडतात, तशी ही दोन बँडांवरनं! एका बँडात पिवळ्या केसांचा गाणारा, तो बाळूचा. दुसऱ्यात दाढीवाला, तो म्हेशचा.

"पिवळ्यात काळीज हाय काळीज!" बाळू वराडायचा.

"काळीज हाय, पण गळा कुठाय? आमचा दाढीवाला ऐक. आडातनं बोलल्यागत आवाज हाय का न्हाय?"

"आडातनंच बोलतोय त्यो. काय बोलतोय, कुणाला कळतंय?"

"तुला पिवळ्याचं तरी कळतंय काय, भावा?"

"कळायचं कशाला? लागलं पायजे, लागलं!"

मग गचुऱ्या धराय निघायची. मी दुधाचं पेलं घिऊन वर गेले की मलाच पंच करायची. "मावशी, तुमीच सांगा. कोण भारी?"

मी दोघांचीबी गाणी ऐकली. मनापासनं ऐकली, खोटं कशाला बोलू. आन सांगितलं, "दोघांनाबी कुणीतरी येळंवर जेवाय घाला रं. लई उपाशी वराडत्यात."

ह्या पिवळ्याच्या नादानं सुन्यानं क्यास वाढीवलं. पार खांद्याच्या खाली. मी बोलून थकले. शेवटी एका आईतवारी तुका न्हाव्याला सांगावा धाडला, की दुपारी घरीच ये. पोरगं झोपलं असलं तरी झोपंत उरकून टाक.

तुका आला, ओट्यावर पेटी सोडली. मी सुन्याला उठवाय माडीवर गेले. बघते तर काय! परवापतोर मोकळं असल्यालं क्यास आज एकमेकात गच्च! इकडं एक बट, तिकडं एक बट, दोरखंडागत. हात लावला तर चिकाट आन कडाक. बोटं आत जाईनात.

मी झटक्यात हात मागं घेतला आन कपाळाला लावला. जट!

आता शेरातल्या शिकल्यासवरल्याला काय वाटंल ते वाटू दे. पण आमच्याकडं डोक्यात जट आली म्हंजे देवीनं बोलावलं. मग तिला फणी न्हाय, कात्री न्हाय. हळदीकुकू लावायचं, आन ते मानूस देवीचं झालं. पोरगा आसंल तर जोगता. गळ्यात माळ, हातात परडी, दारोदार जोगवा. लगीन न्हाय, संसार न्हाय. मालक गेलं तवा मी देवीला म्हटलं हुतं, तू घेतलास त्यो घेतलास, ह्यो तेवढा ठेव. आन ती ह्योबी न्ह्याय आलती!

मी आरडले न्हाय. मला आरडता येत न्हाय, सवय न्हाय. खाली येऊन तुकाला एवढंच म्हटलं, "पेटी झाक. कात्री लावायची न्हाय."

पर तुका न्हावीच तो! त्येच्या कानात पडलं म्हंजे गल्लीत भोंगा लागला. मी पदरानं तोंड पुसस्तवर शेजारची शेवंता हळदीकुकू घिऊन हजर. तिच्यामागं आणिक धा बायका. कुणी नारळ, कुणी ओटी, कुणी लिंबाचा डहाळा. सुन्याला झोपंतनं उठवून खाली आणलं, गोठ्याच्या म्होरं पाटावर बसवलं. कपाळावर हळद, गळ्यात हार. पोरगं डोळं चोळत बसलंय. बायका पाया पडाय लागल्या!

"आई, काय चाललंय हे?"

"बोलू नगंस, बाळा. तुज्या डोक्यात जट आली. आता तिला कात्री लावायची न्हाय कुणी."

पोरगं काय तरी सांगाय तोंड उघडत हुतं. त्येनं माझ्याकडं बघितलं, तुका न्हाव्याच्या पेटीकडं बघितलं, आन गपकन तोंड मिटलं. मला वाटलं, देवीनंच वाचा बंद केली! मी आणखीनच खचले.

तेवढ्यात बाळू आन म्हेश आली. हाराखालचा सुन्या बघून दोघंबी भिंतीला टेकली. सुन्यानं डोळा घातला, तशी ती पण मुकी. शेवंता मला म्हणती, "बघ, बघ! आल्यालीबी गप झाली. केवढं कडक दैवत!"

जट खरी का खोटी, सांगणार एकच. गंगव्वा. कर्नाटकाच्या सरहद्दीकडची म्हातारी जोगतीण, आमच्या मागच्या गल्लीत ऱ्हायची. चौंडकं घिऊन आली. चौंडकं म्हंजे तुणतुण्यागत एक वाद्य, आत तार असती. काखंत धरायचं आन तार छेडायची, टुँव टुँव. गंगव्वानं देवीचं नाव घेतलं आन तार छेडली.

आन काय सांगू! बाळू भिंतीपासनं सुटला. "आयला म्हेश, ऐकलंस? तार बघ कशी वाकीवली!"

"आरं, आपण मशीन लावून ह्योच आवाज काढाय बघतोय वर्सभर!"

"हे पिवळ्याच्या वरताण हाय!"

"दाढीवाल्याच्या वरताण म्हण!"

"गप बसा मुडद्यांनो!" मी दात खाल्लं. हितं माझा वंश बुडाय लागलाय आन ह्यांना पिवळा सुचतोय!

गंगव्वा थांबली. "कोण हे पिवळा?"

"आमचा गुरू," बाळू म्हणाला. "तुमचा कोण, आज्जी?"

"माझी आई. तिची आई. अय्यो, चौंडकं काय कालेजात शिकवतात का?"

आन पाटावरचा सुन्या, देवीनं वाचा बंद केल्याला, एकदम बोलला. "मग माझा गुरू म्हंजे आमची आई. रोज पहाटं धार काढती. रिकाम्या बादलीत पैली धार वाजती, मग बादली भरंल तसा आवाज खाली जातो. मी आतरुणात पडून त्येच ऐकत आलोय. माझी पैली चाल तीच हाय."

वीस वर्सं धारा काढल्या, कुणी ऐकतंय असं कदी वाटलंच न्हवतं. डोळ्यात पाणी आलं, पण चांगल्या कारणानं रडायची मला सवय न्हाय, म्हणून मी वळून म्हशीच्या पाठीवर हात फिरवाय गेले.

तर म्हैस जाग्यावर न्हवती! चंद्री आमची. दाव्याला हिसका दिऊन मान लांब केलती, आन पाटावरच्या सुन्याचं डोस्कं चाटाय लागलीती. घसाघसा!

"मुक्या जनावरानंबी वळखलं गं!" शेवंतानं हात जोडलं. सगळ्या बायकांनी हात जोडलं. एकीच्या अंगात याय लागलं.

चंद्रीनं दुसऱ्यांदा चाटलं. एक जट सुटली. तिसऱ्यांदा चाटलं, दुसरी सुटली. सुन्या वरडाय लागला, "आई, हिला आवर! खरवडतंय!" म्हशीची जीभ म्हंजे काय मऊ आसती व्हय? चंद्री आवरंना. आज देवीच्या दारात तिला स्वर्ग घावला हुता.

गंगव्वा म्होरं आली. सुन्याच्या डोक्याला बोट लावलं. वास घेतला. आन ते बोट तोंडात घातलं!

बायका माना लांब करून बघाय लागल्या.

"तंगी," गंगव्वा मला म्हणाली (धाकट्या भैनीला ती तंगी म्हणायची), "देवी न्हाय. काकवी हाय. चांगली हाय, पण जरा जळल्याली."

काकवी! उसाची काकवी! मी बाळूकडं बघितलं. त्यो जिन्याकडं सरकाय लागलावता.

"मावशी, पिवळ्याचं क्यास पोस्टरात असं चिकाट दिसत्यात," तो रडत रडत म्हणाला. "म्हैनाभर धुतल्याली न्हाईत असं. कॉलेजात आमचं ग्यादरिंग हाय. साबण लावून बघितला, जमंना. मग म्हटलं गुऱ्हाळातली आणावी."

"आन तू?" मी सुन्याला म्हटलं. "तू का मेल्यागत गप बसलास?"

"तूच म्हटलीस न्हवं, आता कात्री लावायची न्हाय म्हणून!"

शेवंता आपला नारळ उचलून घिऊन गेली. अंगात आल्याली बाई बी हळूच अंगातनं गेली. (आन मला काकवीचा वास कसा आला न्हाय म्हणाल, तर बाबांनो, दोन म्हशींच्या गोठ्यात वीस वर्सं काढा, मग इचारा.)

मी खराटा उचलला. खरंच उचलला. पण सुन्या पाटावर बसल्याला, तोंडभर हळद, डोस्कं म्हशीच्या लाळंनं वलंचिंब, आन माझाच. देवीनं न्हेल्याला न्हाय, माझाच. खराटा हातातनं कवा पडला मला कळलं न्हाय. मी तितंच शेणात बसले आन हसाय लागले. एवढं हसले की मालक गेल्यापासनं उधार ऱ्हायलेलं सगळं रडू त्यातच निघून गेलं.

तुका न्हावी पेटी उघडून म्होरं आला. "मग आक्का, उरकू का आता?"

"हात लावशील तर हात मोडीन," मी म्हटलं. "ऱ्हाऊ दे त्येचं क्यास. पायजे तेवढं वाढू दे. आन बाळू, वाजीव की तुझं ढोलगं. मोठ्यानं वाजीव!"

असलं आपण गल्लीसमोर बोलू नये. पोरांनी शब्द धरला. गंगव्वा बी चौंडकं घिऊन दर आईतवारी माडीवर, आन भांडणात आता चौथा आवाज! तिचं म्हणणं, पिवळा बरा, पण तार कच्ची.

ह्याला झाली की पंधरा-सोळा वर्सं. आज सुन्याचा राजारामपुरीत गिटारचा क्लास हाय. सून गुणाची, नात चार वर्साची. पोरंपोरी क्लासात बसून तसंच भांडत्यात, कोण भारी, कुणाचा गुरू कोण. मी चहा घिऊन गेले की ऐकत बसते. सगळं देवीनं दिलं, काय कमी ठेवलं न्हाय.

फक्त तिशी वलांडली तसं सुन्याचं क्यास गळाय लागलं. तेल झालं, कांद्याचा रस झाला, वैद्य झाला. आता डोस्कं पार तांब्यागत. आन मी? ज्या देवीला मी एवढी भ्याले, तिलाच आता रोज हात जोडून सांगते, "आई, चुकलं माझं. जट तर जट, पण त्येच्या डोक्यावर कायतरी उगवू दे!"